ढोलीची भरपाई


झाड तोडले तर दुसरे लावू, असे आम्हीही सहज म्हणतो. पण ढोलीचे काय? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला लेडबीटर्स पॉसम हा झाडावर राहणारा, जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा प्राणी. नामशेष समजलेला हा जीव १९६१ साली पुन्हा सापडला. त्याचे घर म्हणजे जुन्या माउंटन अ‍ॅश वृक्षाची ढोली. ती तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. लाकूड-कागदासाठी हे वृक्ष तोडले गेले, २००९ च्या वणव्यात बरेच रान जळाले. व्यापारी तोड थांबली २०२४ च्या आरंभी.

घेतलेले परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असे आम्ही सांगतो. इथे परत काय करणार? रोप जरूर लावावे. पण पॉसमला निवारा आज रात्री हवा. तिथे आता उभ्या झाडांत करवतीने ढोल्या कोरून देतात. काहींत पॉसम राहूही लागले आहेत.