शिदोरी आणि संग्रह

सज्जनहो, संग्रह करावा कीं न करावा? हा प्रश्न मला शरदांत ठाण्याच्या खाडीकाठीं पडला. भाद्रपद-आश्विनांत सैबेरियासारख्या थंड मुलखांतून तुतवार, चिखल्या हे पक्षी तेथें उतरतात. निघण्यापूर्वीं ते भरपूर खाऊन अंगीं चरबी सांठवितात, वाटेंत तीच जाळतात आणि रोडावून पोंचतात. ओहोटी लागली कीं चिखलांतले किडे टिपूं लागतात. म्हणजे संग्रह पांखरालाहि चुकला नाहीं. पण तो वाटेसाठीं, वाटेंतच सरणारा. त्याला आपण वारकरी शिदोरी म्हणतों.

खरें सांगतों, माझी कीर्तनाची बिदागी ट्रंकेंत पडून आहे. ती कोणत्या वाटेची शिदोरी?

बरें, लोभ ट्रंकेंतच राहता तरी चालतें. पण त्याच लोभानें माणूस खाडीचा चिखल ‘पडीक’ म्हणून बुजवितो, आणि पांखराचें तेंच अन्नछत्र! सरकारनें २०१५ सालीं येथें रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य केलें, २०२२ सालीं रामसर यादींत नांव आलें. फार चांगलें झालें. मात्र आपल्या हांवेचा बंदोबस्त सरकार कसा करणार? तो ज्याचा त्यानेंच करावा. यंदा कार्तिकीपूर्वीं मी ट्रंक उघडणार. वाटखर्चापुरतें ठेवून बाकीचें अन्नदानाला देणार. रामकृष्णहरि.