किक मारली, सुरू झाली. मग?

जुन्या मोटरसायकलला इग्निशन कॉइल बदलताना चूक दोन प्रकारे होते. नव्या कॉइलचा रेझिस्टन्स हवा त्यापेक्षा जास्त निघतो, नाहीतर कमी. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही चुकाच. पण नैतिकदृष्ट्या त्या सारख्या आहेत का?

राजदूत ३५० घ्या. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८० च्या दशकात भारतात बनवलेली, आजही लोक जिवापाड जपतात अशी गाडी. दोन सिलिंडर, दोन सीबी पॉइंट, दोन कॉइल, १२ व्होल्टची बॅटरी. जुन्या गाडीला मूळचा पार्ट शोधत बसण्यापेक्षा हाताशी असलेली आणि जागेवर बसणारी कॉइल लावायचा मोह होतोच.

गणित शाळेतलंच आहे. कॉइलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स ४ ओहम असेल, तर पॉइंट जुळलेले असताना १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ३ अँपिअर करंट जातो. २ ओहमची कॉइल लावली की ६ अँपिअर. ८ ओहमची लावली की दीड.

८ ओहमची कॉइल लगेच तक्रार करते. ठिणगी मरतुकडी, थंडीत किक मारून पाय दुखतो, जास्त आरपीएमला गाडी मिस मारते. मालक दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये हजर. २ ओहमची कॉइल मात्र गोड वागते. पहिल्या किकला गाडी सुरू, ठिणगी जाडजूड, सगळे खूश. तिकडे पॉइंट हळूहळू जळत असतात, कॉइल तापत असते. चावी चालू राहिली आणि इंजिन बंद असताना पॉइंट जुळलेले असले, तर करंट अखंड वाहतो. काही महिन्यांनी रात्री घाटात गाडी बंद पडते, तेव्हा दोष पॉइंटवर जातो. कॉइल कुणाला आठवतही नाही.

परिणामावरून कृती तोलावी, हा विचार मला पटतो. पण परिणाम कधीपर्यंतचा मोजायचा? गॅरेजमध्ये तो एका किकपुरता मोजला जातो. आम्ही सॉफ्टवेअरवालेही रिलीजच्या दिवशी सगळ्या टेस्ट हिरव्या दिसल्या की टाळ्या वाजवतो. कृती आणि परिणाम यांत सहा महिन्यांचं अंतर पडलं, की जबाबदारी मधल्यामध्ये विरून जाते.

मेकॅनिकची बाजूही खरी आहे. पार्ट मिळत नाही, गिऱ्हाइकाला स्वस्तात हवंय, दुकान चालवायचंय. तडजोड करणं हा गुन्हा नाही. पण “दादा, ही कमी ओहमची आहे, पॉइंट बघत राहा, चावी चालू ठेवू नका” एवढं सांगितलं, तर धोका पत्करायचा की नाही हे चालवणारा ठरवतो. न सांगता लावली, तर तो निर्णय त्याच्या नकळत दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो.

आणि “मला माहीतच नव्हतं” ही सबब? साधा मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवायचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवायचा, मग प्रायमरीच्या दोन टोकांवर मोजून त्यातून तो वजा करायचा. दोन मिनिटांचं काम. जिथे माहीत करून घेणं इतकं सोपं असतं, तिथे माहीत नसणं हीसुद्धा आपणच केलेली निवड असते.