दुसऱ्याचे दिसणे

नेत्रसंशोधनात नव्याने येणाऱ्याला आधी डोळा शिकवला जातो, दिसणे नंतर. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेत्रशास्त्राचा एम.एस. तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रबंध सक्तीचा. बहुतेकांचे पहिले संशोधन तेच. स्लिट लॅम्पखाली कॉर्नियात रुतलेला लोखंडाचा कण दिसतो, ओसीटी स्कॅनवर दृष्टिपटलाचे थर मोजता येतात. ‘काय दिसते?’ हे मात्र रुग्णाला विचारावेच लागते. डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता म्हणजे खरे तर संभाषणच: एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे.

न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दृष्टिपटल संशोधकाला प्रत्यक्ष आहे; त्यावरून रुग्णाला किती दिसत असेल हे अनुमान; आणि रुग्णाचे उत्तर हा शब्द. प्रशिक्षणात शब्दाचा क्रमांक शेवटचा लागतो. ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणून तो बाजूला ठेवण्याची सवय लवकर जडते. परंतु न्यायसूत्रांनुसार शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे, आणि भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याला वस्तू साक्षात कळली आहे व जशी कळली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. मग ग्राइंडरवर काम करणारा कामगारही त्यातून सुटत नाही. स्वतःच्या दिसण्याबाबत पहिल्या अटीत त्याच्याहून वरचढ कोणीच नाही.

अडचण दुसऱ्या अटीची आहे, आणि भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ती पुस्तकी राहत नाही. वेल्डिंगची आर्क लागली की अतिनील किरणांनी कॉर्नियाचा वरचा थर भाजतो. वेदना काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतात. ती इजा यंत्राला दिसते. कॉर्नियात रुतलेला कण काढल्यावर उरलेल्या बारीक व्रणामुळे मात्र रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकलेला दिसू शकतो आणि तक्त्यावर दृष्टी ६/६ भरते. इथे शब्दाशिवाय फारसा आधार नसतो. त्याच शब्दावर पैसाही अवलंबून असतो: १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गमावल्यास ४० टक्के, नुसती त्याची दृष्टी गेल्यास ३० टक्के कमाईक्षमतेची हानी धरली होती. म्हणून कोणी दिसत असून नाही म्हणेल. उलट ठेकेदाराकडचा कामगार काम जाईल या धास्तीने रांगेतच तक्ता पाठ करून येईल. पहिल्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे युक्ती आहे: चांगल्या डोळ्यापुढे जाड भिंग धरून तो धूसर करायचा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला सांगायचे. म्हणजे शब्दाची परीक्षा अनुमानाने.

ही परीक्षा आधी हवी की नंतर, हाच मूळ वाद. नैयायिकांना ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावे लागते. मीमांसकांच्या मते ते स्वतःच असते. दोष दिसेपर्यंत ज्ञान खरेच धरायचे. भरपाई ठरवणाऱ्या मंडळाला न्यायाची वाट सोयीची. संशोधनाला मीमांसेची अधिक मानवते, कारण संशयाने सुरुवात केली की दिव्याभोवतीच्या वलयासारखी तक्रार नोंदवलीच जात नाही, आणि जी नोंदली नाही तिचा अभ्यास कोण करणार? मात्र भरपाईसाठी दिसत नाही म्हणणारे आणि कामासाठी दिसते म्हणणारे रुग्ण एकाच नमुन्यात मिसळले तर आकडे बिघडतात. भरपाईचा दावा चालू आहे का, हा प्रश्न प्रबंधाच्या प्रश्नावलीत असायला हवा.

चाकणजवळच्या आळंदीशी नाते असलेली ‘चांगदेव पासष्टी’ ही रचना या वादाच्याही मागे जाते. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ती रचली, असे परंपरा सांगते. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी तिथे मुळात एकच ठरते. आरसा नसला तरी मुख असतेच. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९८१ चे नोबेल मिळवून देणारे काम, म्हणजे मेंदूतल्या ठरावीक पेशी ठरावीक कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देतात हा शोध, दृश्याच्या बाजूचे आहे. पासष्टी त्याने खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही. प्रबंधाच्या रकान्यात ‘६/९’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तेवढ्या वेळी असतो तो एका माणसाने मोठ्याने वाचलेला अक्षरांचा क्रम.