टॉवेल कोणाच्या हातात?

‘रॉकी’ मालिकेतले सहाही चित्रपट एकत्र असलेला ब्लू-रे संच २००९ साली ‘द अनडिस्प्युटेड कलेक्शन’ या नावानं निघाला. पहिला चित्रपट १९७६चा, सहावा २००६चा. थिएटरात हे चित्रपट पाहणाऱ्यांना प्रत्येक नव्या भागासाठी तीन ते पाच वर्षं थांबावं लागलं, आणि शेवटच्या भागासाठी तर सोळा. संच घरात असला की हे थांबणं संपतं. शिवाय दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचा प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या शेवटच्या लढतीपासून सुरू होतो, त्यामुळे ओळीनं पाहताना तेच ठोसे दोनदा पाहावे लागतात. हे थोडं कंटाळवाणं आहे. पण असं सलग पाहिल्यामुळेच एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी सुटी सुटी पाहताना कधी जाणवली नव्हती. पहिल्या आणि चौथ्या भागात एकच प्रश्न विचारलेला आहे आणि त्याला उत्तरही एकच दिलेलं आहे. पहिल्या वेळी त्या उत्तराचं आपण कौतुक करतो. दुसऱ्या वेळी त्यानं एक माणूस मरतो.

पहिल्या भागात फिलाडेल्फियातला एक सामान्य मुष्टियोद्धा, रॉकी बाल्बोआ, विश्वविजेत्या अपोलो क्रीडसमोर उभा राहतो. त्याला जिंकायचं नाही. पंधराव्या फेरीची घंटा होईल तेव्हा आपण पायांवर उभे असावं, एवढंच त्याला हवं आहे. चौदाव्या फेरीत तो कोसळतो. त्याचा वस्ताद मिकी कोपऱ्यातून ओरडतो की उठू नकोस, पडून राहा. रॉकी उठतो. मग सुजून बंद झालेला डोळा उघडावा म्हणून पापणीला चीर द्यायला लावतो, आणि लढत थांबवलीस तर तुझा जीव घेईन असं मिकीला बजावतो. समोरच्या कोपऱ्यातही तेच चाललेलं असतं. तुला आतून रक्तस्राव होतोय, मी लढत थांबवतो, असं अपोलोचा प्रशिक्षक ड्यूक म्हणतो आणि अपोलो त्याला उडवून लावतो. दोघांचंही ऐकलं जातं. रॉकी गुणांवर हरतो, तरी शेवटपर्यंत टिकतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात.

१९८५च्या चौथ्या भागात हाच अपोलो लास वेगासमध्ये सोव्हिएत मुष्टियोद्धा इव्हान ड्रॅगोशी लढतो. नावाला ती प्रदर्शनीय लढत आहे. पहिल्या फेरीतच त्याची दशा झालेली पाहून रॉकी म्हणतो, मी हे थांबवणार. अपोलो त्याच्याकडून वचन घेतो : काहीही झालं तरी थांबवायचं नाही. दुसऱ्या फेरीत ड्यूक ओरडत राहतो, टॉवेल फेक. रॉकीच्या हातात टॉवेल असतो, पण तो वेळेवर पडत नाही. अपोलो रिंगणातच मरतो.

मिकीनं जे केलं तेच रॉकीनं केलं. लढणाऱ्याची इच्छा मानली. मग एकाला आपण शहाणा वस्ताद का म्हणायचं आणि दुसऱ्यानं आयुष्यभर अपराध का वाहायचा? फरक फक्त परिणामाचा आहे, आणि परिणाम दोघांच्याही हातात नव्हता. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी ‘मॉरल लक’, म्हणजे नैतिक दैव, या विषयावर परस्परांना जोडून निबंध वाचले ते १९७६ साली, म्हणजे पहिला ‘रॉकी’ आला त्याच वर्षी. आपण माणसाला त्याच्या हातातल्या गोष्टींसाठी जबाबदार धरतो असं म्हणतो. प्रत्यक्षात मात्र हातात नसलेल्या गोष्टींवरूनही त्याचा न्याय करतो, हा त्या चर्चेचा गाभा. दैवाचा वाटा मान्य केला तरी टॉवेल धरणाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्या क्षणी त्यानं काय करायला हवं?

अनुवाद करताना ‘थ्रो इन द टॉवेल’ हा वाक्प्रचार अनेकदा समोर येतो. मराठीत हात टेकणं, गुडघे टेकणं, शस्त्रं खाली ठेवणं असे पर्याय आहेत आणि वाक्यात ते बसतातही. पण या सगळ्यांत हार मानणारा स्वतः कर्ता असतो. रोजच्या इंग्रजीतही तसंच झालं आहे. माणूस आपलाच टॉवेल फेकतो. रिंगणात मात्र लढणारा टॉवेल फेकत नाही, फेकू शकत नाही. त्याच्या हातांत मोजे असतात. टॉवेल दुसऱ्याकडे असतो. या अर्थाच्या जवळ जाणारा मराठी शब्द मला आखाड्यात सापडतो. कुस्ती बरोबरीत ‘सोडवली’ असं आपण म्हणतो. भांडण सोडवतात, गाठ सोडवतात, अडकलेल्याला सोडवतात. सोडवणारा नेहमी बाहेरचा असतो, आणि ज्याला सोडवलं त्याची इच्छा होती की नाही याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही.

खऱ्या रिंगणातलं एक उदाहरण या मालिकेच्या अगदी जवळचं आहे. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा लढले. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे जवळजवळ मिटले होते. त्याचे प्रशिक्षक एडी फ्युच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिलं नाही. फ्रेझरनं विरोध केला. फ्युच बधले नाहीत. अलीही तेव्हा संपत आला होता, त्यामुळे ती फेरी झाली असती तर काय, हा वाद अजून चालतो. पुढच्याच वर्षी, पंधरावी फेरी गाठणं हेच ज्याचं सर्वस्व आहे अशा नायकाच्या चित्रपटात, लढतीआधी रिंगणात येऊन हात हलवणारा पाहुणा म्हणून फ्रेझर स्वतः दिसतो. ती फेरी त्याला मिळाली नाही. त्यानंतर तो छत्तीस वर्षं जगला.

जॉन स्टुअर्ट मिलनं ‘ऑन लिबर्टी’त पुलाचं उदाहरण दिलं आहे. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही. धोका नुसता संभवत असेल आणि तो जाणून जात असेल, तर सावध करावं आणि जाऊ द्यावं. मुष्टियोद्ध्याला पूल कच्चा आहे हे पक्कं ठाऊक असतं. अडचण अशी, की इथे डोक्यावर पडणारा प्रत्येक ठोसा निर्णय घेणाऱ्या अवयवालाच लागतो. पहिल्या फेरीतली संमती आणि बाराव्या फेरीतली संमती एकाच माणसाची आहे, याची खात्री फेरीगणिक कमी होत जाते. नोव्हेंबर १९८२मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. एक प्रकारे टॉवेल नियमाच्याच हातात दिला. तरी नियम पुरत नाही. २०१९मध्ये माक्सिम दादाशेव नको म्हणत असताना बडी मगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर लढत थांबवली. दादाशेव तरीही वाचला नाही. योग्य वेळ कोणती, हे घड्याळात लिहिलेलं नसतं.

दुसरी बाजू सोपी समजू नये. मिकीनं चौदाव्या फेरीत लढत थांबवली असती तर नोंदवहीत रॉकीची एक हार लागली असती. ती तशीही लागलीच. पण त्याच्यापाशी जे एकच मागणं होतं ते कायमचं गेलं असतं. दुसऱ्याच्या भल्यासाठी थांबवणारा त्याच्याकडून काही तरी खरोखर काढून घेत असतो. हे मान्य न करणारा काळजीवाहू मला नको वाटतो.

रिंगणाबाहेर हा प्रश्न आपल्याला दवाखान्यात भेटतो. तिथे अनेकदा तो उलटा असतो : उपचार थांबवा असं कोणी म्हणायचं? मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेत असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली याचिका फेटाळताना असा निर्णय दिला, की त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून त्यांची शुश्रूषा करत आलेल्या रुग्णालयातल्या लोकांचा आहे. २०१८च्या निकालानंतर आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची सोय झाली. लिहून ठेवलेला शब्द शांतपणे, पूर्ण शुद्धीत दिलेला असतो, आणि म्हणून तो अपोलोच्या वचनाहून वेगळा आहे. अपोलोनं वचन घेतलं ते दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात, मार खाऊन झाल्यावर.

ज्यानं जखमा पुसल्या त्याचा शब्द मोठा, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण जवळच्या माणसाचाही स्वार्थ असतोच. मिकीला स्वतःला कधी मोठी संधी मिळाली नव्हती. रॉकीच्या लढतीत त्याचंही आयुष्य पणाला लागलं होतं. तरी उठू नकोस असं ओरडणारा तोच होता. रॉकीचा स्वार्थ अधिक सूक्ष्म होता : मित्राच्या नजरेतून उतरण्याची भीती. दिलेला शब्द पाळण्यात ती भीती सहज लपते. फ्युच यांनी फ्रेझरचा राग पत्करला, म्हणून त्यांना ते जमलं.

याचं उत्तर संचात नाही. ते त्यानंतर आलेल्या ‘क्रीड २’मध्ये, २०१८ साली मिळतं. रॉकीकडून हरल्यावर देशात तोंड दाखवायला जागा न उरलेल्या इव्हान ड्रॅगोनं मुलाला सूड म्हणून वाढवलं आहे. मुलगा मार खातोय, पण पडत नाही आणि थांबवा असंही म्हणत नाही. इव्हान टॉवेल फेकतो. तेहतीस वर्षांपूर्वी अपोलोला मारणाऱ्या माणसाला, आपण मुलाकडून काय मागत होतो, हे तिथे दिसतं. तो मुलाची इच्छा डावलतो, पण त्याआधी स्वतःची सोडतो.

म्हणून टॉवेल धरणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, की यानं लढत राहण्यात माझं काय आहे. याचं खरं उत्तर मिळालं तरी चूक होणार नाही अशी हमी नाही, दैव उरतंच. पण ‘काहीही झालं तरी’ असं वचन कोणी मागितलं तर ते देऊ नये, एवढं मला या चित्रपटांवरून कळतं. मी शेवटपर्यंत तुझ्याकडे पाहत राहीन, नजर हटवणार नाही आणि वेळ आली तर तुझा राग सोसेन, असं म्हणता येतं. लढत सुरू होण्याआधी, दोघंही शुद्धीत असताना, ते सांगून ठेवावं.