कोरड्या बोअरची नोंद

घरासाठी बोअर घ्यायचा ठरला की खेड्यात आधी पाणाड्याला निरोप जातो, मग गाडीवाल्याला. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून नाहीतर उंबराची दुबेळकी काटकी घेऊन रान फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खुंटी ठोकून घेतो. नारळाला पाणी कळतं यावर माझा विश्वास नाही. पण पाणाड्याची टिंगल करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. पंचक्रोशीत कोणाला किती फुटांवर पाणी लागलं, कोणाचा बोअर फेल गेला, कुठे गाडी अडकली, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिची निरीक्षण विहिरींची आकडेवारीही आहे. मात्र वाडीवस्तीवरच्या खासगी बोअरची माहिती बहुतेक वेळा या नारळवाल्याच्या डोक्यातच राहते, आणि त्याच्याबरोबर जाते.

गाडी येते ती पुष्कळदा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, भोकाच्या तळाशी असलेला हातोडा आपटत राहतो, साडेसहा इंची बिट खडक फोडतं आणि तीच हवा चुरा वर फेकते. आधी माती, मग मुरूम. मग काळ्या पाषाणाचं राखी पीठ, मधेच गेरूचा लाल पट्टा, नंतर पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा हा इतिहास तासाभरात अंगणात येऊन पडतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाचा. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं कुजलेल्या मुरमात, भेगांत, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून बांधापलीकडे दोन इंची पाणी आणि अलीकडे नुसता फुफाटा, असं घडतं. त्याला लोक नशीब म्हणतात. पण पलीकडचा सांधा किती फुटांवर होता आणि थराचा उतार कुठे आहे हे माहीत असतं, तर निम्मं नशीब खुंटी ठोकण्याआधीच कळलं असतं.

गाडी चालू असताना मालकाचं लक्ष मात्र चुऱ्याकडे नसतं. तो रॉड मोजत असतो, कारण दर फुटावर आहे आणि खोल जाल तसा फुटाचा दरही चढतो. दोनशे फुटांवर धूळच उडत असली की घरातलं कोणीतरी म्हणतं, आता एवढे घातलेत तर अजून दोन रॉड टाकू. बेसॉल्टमध्ये खोल गेल्यावर भेगा सहसा कमी आणि घट्ट होत जातात, हे सांगायला तिथे कोणी नसतं. गाडीवाल्याने सांगावं ही अपेक्षाही जरा जास्तच. सकाळी चुऱ्याचे ढीग फावड्याने ओढून वाटेवर टाकतात. हातात उरतं एक बिल: एकूण फूट, केसिंगचे पैसे, रक्कम.

पुढची सगळी दुखणी याच अपुऱ्या बिलातून निघतात. केसिंग पक्क्या खडकात बसवायला हवी. चार पाइपांचे पैसे वाचवायला ती मुरमातच थांबवली, तर पावसाळ्यात माती ढासळते, मोटर अडकते आणि गोठ्याचं, शोषखड्ड्याचं पाणी बाजूने थेट खाली उतरतं. हे टाळायला केसिंग जमिनीच्या वर हातभर ठेवावी, भोवती काँक्रीटचा ओटा करावा, तोंडावर झाकण घट्ट बसवावं. हे खर्चिक नाही, पण गाडी गेल्यावर उत्साह संपलेला असतो. वर्षातून एकदा पाणी तपासून घ्यावं, हे तर कोणी मनावरच घेत नाही. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, आणि फ्लोराइड उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांनी ते दातांवर आणि हाडांवर सोसलं आहे. मोटर जळाली की बिलातली उणीव पुन्हा समोर येते: तिवई उभी करून मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, पाइप किती सोडलेत? उत्तर अंदाजाने येतं.

विहिरीचं असं नव्हतं. काठावरून वाकलं की पाणी किती परस खाली गेलं ते वाटेने जाणाऱ्यालाही दिसे, आणि मार्चमध्ये कोण दिवसभर उपसतोय हेही. (विहीर म्हणजे समतेचं राज्य होतं असा याचा अर्थ नाही, कोणाला काठावर येऊ द्यायचं याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.) साडेसहा इंचांच्या भोकात कोणी वाकून पाहत नाही. मालकालाही आपली पातळी मोटर हवा ओढू लागते तेव्हाच कळते. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या पदरात टाकलं, बोअरने ते नजरेआडही केलं.

पुढे राज्याचे भूजल कायदे झाले. 1993 च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक पाणीस्रोतापासून नव्या विहिरीला पाचशे मीटरचं अंतर घातलं. 2009 च्या कायद्याने, जो 2014 मध्ये अंमलात आला, साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला वेगळं धरलं आणि गाड्यांची नोंदणी मागितली. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आज तेवढ्यावर कोण थांबतो? मला या कायद्यांत परवानगी आणि बंदी पुष्कळ दिसते, पण घरमालकाला उपयोगी पडेल अशी माहिती त्यातून त्याच्या हाती पोचत नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याहून साधी मागणी केली होती. सरकारने पाणाड्यांकडून शेतं तपासून घ्यावीत आणि जिथे दोन मोटांपेक्षा जास्त पाण्याचे झरे सापडतील त्या जागा गावोगावच्या नकाशांत नोंदवाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळी भोक पाडल्याशिवाय खालचं समजायला मार्ग नव्हता. आता लोक स्वतःच्या पैशाने गावभर भोकं पाडतात आणि नकाशा तरीही कोराच.

फेल गेलेल्या बोअरची तर कोणालाच आठवण नको असते. तोंडावर दगड ठेवला की प्रकरण मिटलं. 2006 मध्ये कुरुक्षेत्रजवळ एक लहानगा अशाच भोकात पडला आणि देशभर टीव्हीसमोर लोक बसून राहिले. तो वाचला, पुष्कळ मुलं वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निर्देश दिले: सोडलेला बोअर माती-दगडांनी तळापासून वरपर्यंत भरा आणि जिल्ह्यात अशा बोअरची यादी ठेवा. म्हणजे कोरडे बोअर मोजावेत हे आपल्याला सुचलं ते मुलं पडायला लागल्यावर.

गाडीवाल्याच्या बिलावर चार रकाने वाढवले तरी पुष्कळ होईल: मुरूम कुठे संपला, केसिंग कुठवर, पाणी कोणत्या फुटावर लागलं, मोटर किती खाली. रॉड तो मोजतोच. वेगळे कष्ट नाहीत. एक प्रत घरात, एक ग्रामपंचायतीत.

यावर आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. पाण्याची जागा उघड झाली की तिथेच आणखी दहा गाड्या लागतील. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठीच्या बोअरवर बंदी घातली आणि पाळलीही, पण तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायची रीत आहे. ती रीत नसलेल्या गावात नोंदवही म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्याचा पत्ता ठरू शकते. तशी भीती असेल तिथे निदान कोरड्या बोअरपासून सुरुवात करावी. त्यांची जागा आणि खोली पंचायतीच्या भिंतीवर लावल्याने कोणाचं पाणी पळत नाही. पुढच्या माणसाचे लाखभर रुपये मात्र वाचू शकतात.