जागा एक, वेळा दोन

भिवंडीत सकाळी पाळी बदलते तेव्हा मागांचा खडखडाट थांबत नाही, माणसं तेवढी बदलतात. बारा तास माग चालवून कारागीर खोलीवर येतो आणि जिथे आडवा होतो ती जागा दिवसपाळीवाल्याने नुकतीच सोडलेली असते. एवढ्याशा खोलीत एवढी माणसं मावतात ती अशी. सगळे एकदम घरी आले की पंचाईत.

परवा अंजूरफाट्याच्या गॅरेजमध्ये ती खोली आठवली. चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला होता. मेस्त्रींनी हेड उतरवून वर्तमानपत्रावर वॉल (झडपा) मांडले होते. आठांतले सहा वाकलेले. पिस्टनच्या माथ्यांवर चंद्रकोरीसारखे ठसे. तुटतो रबराचा पट्टा आणि वाकतं पोलाद! असं इंजिन बनवतात कशाला, मी जरा तावातच विचारलं.

"डिझेल आहे ना साहेब," मेस्त्री म्हणाले, "आत जागा कुठंय?"

खरंच नसते. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. त्यासाठी हवा १६ ते २० पट दाबावी लागते. पिस्टन पार वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. उघडलेला वॉल मात्र आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरतो. म्हणजे जागा एकच, वापरायच्या वेळा वेगळ्या. जागा वाढवली तर टक्कर टळेल, पण दाबही जाईल. पेट्रोल इंजिनात पिस्टनला खळगे पाडून सुटका करून घेता येते. तिथेही खळगे खोल गेले की दाबाला चाट बसतेच.

या वेळा सांभाळतो तो पट्टा. पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या दोन फेऱ्यांना वॉल उघडणाऱ्या कॅमची एक. मिनिटाला ३,००० फेऱ्या असल्या तर प्रत्येक वॉल सेकंदाला २५ वेळा उघडतो. पूर्वी हे काम बहुधा साखळीकडे असे. १९६२मध्ये ग्लास या जर्मन कंपनीने आपल्या १००४ मोटारीत दातेरी पट्टा आणला: हलका, स्वस्त, बिनआवाजी. आणि बिनआवाजी हाच त्याचा खोटेपणा. साखळी सैल झाली की कुरकुरते. पट्टा बहुतेकदा काही न सांगताच जातो. म्हणून तो किलोमीटर मोजून, धडधाकट दिसत असतानाच बदलायचा.

भिवंडीकराला यात नवल वाटू नये. साध्या यंत्रमागातही क्रँकच्या दोन फेऱ्यांना खालचा शाफ्ट एकदाच फिरतो. ताण्याच्या दोन थरांमधून आधी धोटा जायचा, मग फणीने ठोका द्यायचा. धोटा मध्येच अडकला आणि फणी आली, तर ताण्याच्या तारांचा चुराडा. पण मागाला तोड सापडलेली आहे. धोटा पेटीत पोचला नाही तर काही माग धाडकन थांबतात, काहींत फणीच मागे सरते. पिस्टनला यातलं काहीच जमत नाही. पट्टा तुटला तरी चाकांचा वेग त्याला वर ढकलतच राहतो.

नवा पट्टा चढवल्यावर मेस्त्रींनी लगेच चावी मारू दिली नाही. क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने सावकाश दोन पुऱ्या फेऱ्या दिल्या. आत कुठे काही टेकत असेल तर ते मनगटाला कळतं. टायमिंगच्या खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. त्यांनी पाना काढला, हात पुसले.

"आता मारा."