पाट्या टाकणं

"काय, कसं चाललंय काम?" असं घरून कुणी फोनवर विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असतं : "चाललंय, पाट्या टाकतोय." मन नसताना, हजेरी लागावी म्हणून केलेल्या कामाला मराठीत याहून नेमका शब्द नसेल. मातीची पाटी भरायची, डोक्यावरून न्यायची, रिकामी करायची, की परत फिरायचं. ढीग कशाचा होतोय, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. नोकरीच्या निमित्तानं फरिदाबादला आलो आणि हा वाक्प्रचार मला टोचायला लागला. कारण या शहराचा जो भाग 'एनआयटी' म्हणून ओळखला जातो, तो लोकांनी खरोखरच्या पाट्या टाकून उभा केलाय.

एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. इथे पत्ता सांगताना नुसतं 'एक नंबर', 'पाच नंबर' म्हणतात. फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईल खान, पेशावर अशा सरहद्द प्रांतातल्या भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 मध्ये हे नगर आखलं गेलं. विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, कारभार पाहायला सुधीर घोष, सहकाराची बाजू कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनकडे. बैठकांना खुद्द नेहरू येऊन बसत. सरकारी शिरस्ता असा, की घरं सार्वजनिक बांधकाम खातं ठेकेदाराकडून बांधून घेणार आणि लोक तोवर शिधा खात छावणीत बसणार. लोक म्हणाले, घरं आमची आहेत, आम्हीच बांधू. त्यांतल्या पुष्कळांनी उभ्या आयुष्यात तराजू धरला होता, थापी नव्हे. तरी ते विटा रचायला शिकले, चुकले, भिंत पाडून पुन्हा बांधू लागले. पाच हजारांवर घरं अशी झाली. हॉस्पिटल झालं, त्याला आपल्या बादशाह खानांचं नाव दिलं. मुलांच्या शाळांसाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आशादेवी आणि आर्यनायकम आले आणि हातानं काम करत शिकण्याची नई तालीम इथे सुरू झाली. या प्रयोगात स्वतः राबलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे 1998 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच 'आशेचं शहर' आहे.

ही गोष्ट फार गोड करून सांगू नये. पुनर्वसन खातं आणि हे स्वप्नाळू मंडळ यांचं जमलं नाही, बांधकाम संपलं तसं काम संपलं, सहकारी उद्योग मागे पडले. पण दोन-तीन वर्षं का होईना, सगळं गमावून आलेल्या माणसांना डोक्यावरच्या पाटीचं ओझं हवंसं वाटलं. शिधा त्यांना सहज मिळत होता. त्यांना तो बोचत होता.

आता त्याच शहराच्या सकाळच्या मेट्रोतून जरा जाऊन बघा. 2015 पासून ही गाडी इथवर येते, आणि स्थानकांची नावं बघा : बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर. देवळाच्या, तळ्याच्या नावावरून ठिकाण ओळखण्याची आपली सवय. इथे बूट आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावांवरून माणसं उतरतात. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला कामगार इथे 'कामाला जातो' म्हणत नाही. तो 'ड्यूटी' म्हणतो. पोलिसाची, शिपायाची असते ती ड्यूटी. बारा तासांची ड्यूटी, आणि वरच्या चार तासांना कायद्यानं सांगितलेला दुप्पट दर मिळाला तर नशीब.

हे हिशेब कुठे वाचायला मिळत, तर 'मजदूर समाचार' या छोट्याशा हिंदी मासिक पत्रात. शेर सिंह आणि त्यांचे साथी 1982 पासून ते काढत आले, ऑटोपिन झोपडपट्टीतल्या मजदूर लायब्ररीतून. पाळीच्या वेळेला रस्त्याकडेला उभं राहून फुकट वाटायचं. त्याची एक पद्धत मला मोठी शहाणपणाची वाटते : कंपनीचं नाव छापायचं, बोलणाऱ्या कामगाराचं नाही. याच मंडळींनी 1997 मध्ये इंग्रजीत एक पुस्तिका काढली, 'अ बॅलड अगेन्स्ट वर्क'. कामाविरुद्धचा पोवाडा! 'श्रम हीच पूजा' अशी पाटी भिंतीवर असलेल्या ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्याला ते शीर्षक ऐकूनच दचकायला झालं होतं.

आपल्याला कामाची पूजा संतांनी शिकवली, असं आपण सांगतो. अरणच्या मळ्यात सावता माळी, तेरला चाकावर गोरा कुंभार. खरं आहे. पण मळा सावत्याचा होता आणि चाक गोरोबांचं. पाणी कधी धरायचं, चाक कधी थांबवायचं, हे त्यांचं ते ठरवत. इथल्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवरच्या पोराला हे उदाहरण सांगणं मला शुद्ध लबाडी वाटते.

मग त्या पुस्तिकेचं म्हणणं मान्य करून मोकळं व्हावं? तेही जमत नाही, कारण मध्ये गिरणगाव येतं. ज्या 1982 मध्ये इथे ते पत्र निघालं, त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंग्याला आयुष्यभर शिव्या घातलेली माणसं भोंगा बंद पडल्यावर पहाटे उठून चाळीच्या गॅलरीत नुसती बसून राहिली. काम गेलं तसा दिवसाचा आकार गेला, आणि घरातला शब्दही.

या दोन टोकांमध्ये मला जवळचे वाटतात ते गिरणी कामगारांचे जुने पुढारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी कामाची ना आरती केली, ना त्याविरुद्ध पोवाडा. गिरणी कामगाराला आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा मागितला, आणि 10 जून 1890 ला मिळवला. तोही रविवार, खंडोबाचा वार. माणसाच्या जगण्याचा अर्थ कामात आहे की कामाबाहेर, या वादात ते पडले नाहीत. ठरवायला त्याच्या हातात थोडा वेळ असावा, एवढंच त्यांनी पाहिलं. पन्नास सालचे निर्वासित आणि आजचा प्रेसवाला यांच्यात मला फरक दिसतो तो हाच. दोघांचे खांदे सारखेच दुखत असणार. भिंत वाकडी झाली तर पाडायची की ठेवायची, हे विचारायला त्या बन्नूवाल्याला कुणाकडे जावं लागत नव्हतं.

आणि प्रेसवाल्याला मशीन थांबवायची मुभा नसते, म्हणजे काय होतं? 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून या पट्ट्यातल्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांवर अहवाल काढते. त्यांचं नाव 'क्रश्ड', म्हणजे चिरडलेले. त्यात मुख्यतः प्रेसवर गेलेल्या बोटांची मोजदाद असते. ज्या कामगाराचा विमा भरलेला असतो, तो उपचाराला ईएसआयच्या हॉस्पिटलात जातो. फरिदाबादमधलं ते मोठं हॉस्पिटल एनआयटीत आहे, तीन नंबरात.